ग्रुप पॉलिसी सगळ्यांना लागू

१ ऑगस्ट, शुक्रवार

अकोल्याहून परत. तीन दिवसांचं ट्रेनिंग संपलं. सर्टिफिकेटवर 'हेमसिंह चव्हाण' छापलंय. फोन करून 'हेमसिंग' करून घेणे.

आजपासून डायरी. डायरी मेहुण्याने, नवीनने, जानेवारीत दिलेली. तो वाशीमला विम्याचा एजंट आहे. प्रत्येक पानाच्या खाली विम्याची जाहिरात आहे, तिकडे बघायचं नाही. कागदावर लिहितो आहे ते सुरक्षिततेसाठी. कॉम्प्युटरवर लिहिलेलं कोणीही वाचू शकतं, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं.

मुख्य शिकलो ते ग्रुप पॉलिसी. एका सर्व्हरवर बसून नियम ठरवायचा, बाकीची आठ मशीन तो मुकाट्याने पाळतात. पासवर्ड किती अक्षरांचा, पेनड्राइव्ह चालेल की नाही, स्क्रीनवर चित्र कोणतं, सगळं मी ठरवणार. बळीवैभव सोयाबीन उत्पादक सहकारी संस्था, अनसिंग, इथे मी बावीस वर्षं हेडक्लार्क आहे. मुकाट्याने ऐकणारं कोणी पहिल्यांदाच भेटतंय.

अध्यक्ष उकंडराव म्हणाले, दोन महिने करून दाखव, मग २७ सप्टेंबरच्या आमसभेत सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं पद ठरावात घेतो. म्हणजे झालंच. येताना वाशीमला उतरून नावाची पाटी टाकली बनवायला. पितळी रंग, काळी अक्षरं.

४ ऑगस्ट, सोमवार

स्टाफची मीटिंग घेतली. चाळीस मिनिटं बोललो. पहिली पस्तीस मिनिटं लखन (आमचा वजनकाट्यावरचा माणूस) उघड उघड झोपला होता. मग मी म्हणालो, संस्थेत आता ग्रुप पॉलिसी लागू होणार. सगळे ताठ बसले. इतका परिणाम मलाही अपेक्षित नव्हता.

शिपाई प्रयागबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, सगळ्यायले भेटते का जी? मी म्हटलं, अध्यक्षांपासून तुमच्यापर्यंत, एकही सुटणार नाही. लखनने विचारलं, रस्त्यात कुठी काही झालं तं? मी म्हटलं, मशीन कुठेही असो, काहीही होवो, पॉलिसी लागूच राहते. वर्षाराणी (कॉम्प्युटर ऑपरेटर, जरा जास्त प्रश्न विचारते) म्हणाली, पगारातून काही कापून घेनार का? मी म्हटलं, एक पैसा नाही, सगळं संस्था बघते.

टाळ्या. प्रयागबाईंनी तर पदराने डोळे टिपले. टेक्नॉलॉजीबद्दल ग्रामीण भागात उत्साह नाही असं म्हणणाऱ्यांना इथे आणून बसवायला पाहिजे.

५ ऑगस्ट, मंगळवार

संमतीपत्रं वाटली: 'मी ग्रुप पॉलिसीस संमती देत आहे.' दुपारपर्यंत आठच्या आठ सह्यांसह परत! एरवी हजेरीपटावर सही घ्यायला चार दिवस लागतात.

खाली 'इतर माहिती' म्हणून दोन ओळी मोकळ्या ठेवल्या होत्या. लोकांनी तिथे बायकोचं नाव, वय, नातं लिहिलं. लखनने रक्तगट लिहून दोन फोटो टाचले. मला आधी नवल वाटलं, मग लक्षात आलं. पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला खासगी माहिती विचारतात ना, तीच. मी न सांगता यांनी बरोबर ओळखलं. प्रयागबाईंनी अंगठा दिला आणि वर्षाराणीकडून लिहून घेतलं: संस्कृती, मुलगी, वय १९, नर्सिंग कॉलेज, वाशीम. प्रयागबाईंना कॉम्प्युटर नाही. पण एवढ्या आनंदाने दिला अंगठा, नाही कसं म्हणणार.

७ ऑगस्ट, गुरुवार

संमतीपत्रांची फाईल घरी आणली. ऑफिसचं कपाट सुरक्षित नाही. त्याची किल्ली कपाटावरच असते.

निताने विचारलं, फाईल कायची. म्हटलं, ग्रुप पॉलिसीचे फॉर्म, सह्या झालेले. बायको इतकी खूश मी लग्नानंतर पाहिली नव्हती. म्हणाली, चला, आखरीले माह्या माहेरचा इचार केला तुमी. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. ट्रेनिंगचा आणि माहेरचा काय संबंध ते कळलं नाही. विचारलं नाही. तिसरा रोडगा ताटात पडत होता.

११ ऑगस्ट, सोमवार

पहिली पॉलिसी लागू. सगळ्या स्क्रीनवर एकच चित्र, कोणालाही बदलता येणार नाही. चित्र माझंच. स्टुडिओतल्या कोटात, हाताची घडी. खाली मोठ्या अक्षरात: 'मी आहे, तुम्ही निश्चिंत राहा.' त्याखाली नाव आणि मोबाईल नंबर, अडचण आल्यास संपर्कासाठी.

लखन म्हणाला, एकदम एजंटावानी दिसून राह्यले भाऊ. सिक्युरिटी एजंट म्हणायचं असेल त्याला.

सर्व्हरचा मुख्य पासवर्ड माझा मोबाईल नंबर ठेवला आहे. कोणाच्या डोक्यातही येणार नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दुसरी पॉलिसी. पासवर्ड कमीत कमी चौदा अक्षरी. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. तीनदा चुकलं की अर्धा तास कुलूप. माझा पासवर्ड नियमाच्या आधीचा आहे, म्हणून तो चालतो.

सकाळी साडेदहा ते दुपारी दोन सगळी संस्था कुलपात होती. लोक बाहेर निंबाखाली बसून चहा पीत होते. मी सर्व्हरवरून एकेकाचं कुलूप उघडत होतो. एवढं महत्त्वाचं काम या संस्थेत मी आजवर केलं नव्हतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पेनड्राइव्ह बंद. काट्यावरची वजनं लखन रोज पेनड्राइव्हवर आणतो, ते विसरलो होतो. त्याने दिवसभराच्या ट्रॅक्टरांची वजनं काट्याच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहिली. संध्याकाळी मला बोलावून म्हणाला, भाऊ, हे भित नेऊन घ्या ऑफिसात.

लखनच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही. मात्र भिंतीला सफेदी करण्यापूर्वी आकडे उतरवून घेणे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

अर्धा दिवस ऑफिस. अध्यक्षांकडे केनवडहून त्यांचे व्याही आले होते. उकंडरावांच्या स्क्रीनवर गेली सहा वर्षं त्यांच्या बैलजोडीचा फोटो असायचा, झूल घातलेला. पोळ्याला प्रयागबाई स्क्रीनवरच्या बैलांनाही कुंकू लावतात. दरवर्षीची पद्धत आहे.

व्याह्यांना जोडी दाखवायला म्हणून अध्यक्षांनी कॉम्प्युटर सुरू करायला लावला. मी तिथे नव्हतो. ओरडण्याचा आवाज आला म्हणून गेलो. अध्यक्ष म्हणत होते, माह्ये बैल कुठी गेले? स्क्रीनवर मी होतो, कपाळाला कुंकू, अक्षता खाली कीबोर्डवर. प्रयागबाईंनी सवयीने कुंकू लावलं, स्क्रीनकडे बघितलंच नव्हतं. लखनने मध्येच म्हटलं, एकच हाये यंदा, जोडी नाई. व्याही हसून हसून खुर्चीतून खाली यायचे राहिले.

अध्यक्षांना सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा, तुमच्यासाठी बदलला तर पॉलिसीला अर्थ काय? ते स्क्रीनकडे पाठ करून बसले. माझा मुद्दा पटला असावा.

दुसऱ्या बाजूने विचार केला तर सणाच्या दिवशी अध्यक्षांच्या दालनात आपल्याला कुंकू लागलं. हा मान हेडक्लार्कला मिळत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तपासणी. पासवर्डचं कुलूप गेले आठ दिवस कोणालाच लागलेलं नाही! शिस्त आली. कारण शोधलं. सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे आणि तो प्रयागबाईंच्या तोंडपाठ आहे. विसरला की लोक चहाच्या टेबलापाशी जातात, त्या सांगतात. प्रयागबाईंना वाचता येत नाही, म्हणून कुठे लिहिलेलाही नाही. एका अर्थाने उत्तम सुरक्षा आहे.

पासवर्ड विचारला. त्या लाजल्या. मग म्हणाल्या, पयलं अक्षर मोठं, हेमसिंगभाऊ, मंग ते गोल चिन्ह, मंग चारशेवीस.

माझं नाव निवडलं, याला आदर म्हणतात. चारशेवीस कुठून आला ते मात्र लागत नाही. लखनच्या गाडीचा नंबर असावा.

१ सप्टेंबर, सोमवार

तीन मिनिटं हात लावला नाही की स्क्रीनला आपोआप कुलूप. काट्यावर ट्रॅक्टर चढायला चार मिनिटं लागतात. रांग वाशीम रोडपर्यंत गेली. लखनने माऊसला दोरी बांधून ती पंख्याच्या पात्याला अडकवली, म्हणजे माऊस हलत राहतो. पंख्याने माऊस ओढून नेला, एक माऊस बाद.

आमसभेला सव्वीस दिवस. पाटी तयार झाल्याचा फोन आला. उद्या कोणी वाशीमला जाणारं असेल तर आणायला सांगणे. नको, स्वतःच आणावी.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

अकरा वाजता माझा मेहुणा, नवीन, ऑफिसात आला. बॅग, टाय, पेढे. मला वाटलं सहज आला. तर स्टाफ त्याच्याभोवती गोळा. प्रयागबाईंनी त्याला चहा माझ्या कपात दिला. नवीन म्हणाला, भाऊजींनी एवढं मन लावून काम केलं, सगळ्यांच्या सह्या आधीच गोळा करून ठेवल्या, आता फक्त अध्यक्षांचा होकार आला की ग्रुप पॉलिसी सुरू. अपघात, दवाखाना, सगळं.

अपघात? दवाखाना?

त्याच्या बॅगेतून माझी फाईल निघाली. माझी. आठही संमतीपत्रं. प्रत्येकाला त्याने आपल्या कंपनीचा छापील फॉर्म टाचलेला, 'इतर माहिती'मधली नावं वारस म्हणून भरलेली. फाईल निताने दिली. सख्ख्या बायकोने, सख्ख्या भावाला, माझ्या कपाटातून!

तेव्हा सगळं डोक्यात आलं. चार ऑगस्टच्या टाळ्या, रोडगे, लखनचा रक्तगट. कोणी कॉम्प्युटरसाठी टाळ्या वाजवल्याच नव्हत्या.

मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं की विमा वगैरे काही नाही, माझी ग्रुप पॉलिसी म्हणजे कॉम्प्युटरचे नियम. लखन म्हणाला, म्हणजे हे कुलूप, हा तुमचा फोटो, हेच भेटनार होतं का आमाले? याच्यासाठी सही केली म्या? वर्षाराणी म्हणाली, भाऊ, महिनाभर आमी सगळं सहन केलं, काहून? पॉलिसीवाल्या मानसाले नाराज करू नाई म्हनून.

म्हणजे महिनाभराची शिस्त खोटी होती. मला दगा दिला सगळ्यांनी. एकालाही ग्रुप पॉलिसी माहीत नव्हती आणि एकानेही विचारलं नाही.

नवीन हळूच म्हणाला, भाऊजी, तुमचाही फॉर्म भरून ठेवलाय, फक्त सही करा. मी तो फॉर्म फाडला. चार तुकडे. म्हटलं, माझी सही मिळणार नाही. तो म्हणाला, बघा, अध्यक्षांनी होकार दिला तर यादी पंचवीस तारखेला बंद होते.

होऊ दे बंद.

५ सप्टेंबर, शुक्रवार

निताशी बोलणं बंद. तीही बोलत नाही, त्यामुळे माझं बंद आहे हे तिला कळलंय की नाही याची खात्री नाही. दुपारी फोन करून सांगितलं, मी तुझ्याशी बोलत नाही. ती म्हणाली, येता येता कोथिंबीर आना.

८ सप्टेंबर, सोमवार

प्रयागबाई सकाळी टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. कप उचलायला आल्या असं वाटलं. कप उचलला नाही.

म्हणाल्या, संस्कृतीले फोन करून सांगतलं होतं म्या. का बाई, माह्यं नाव लागलं संस्थेत. चौदा वर्सं झाली, कोन्या कागदावर माह्यं नाव नाई. हजेरीवर नाई, बोनसवर नाई. मानधनवाली म्हनून सोडून देतात. तुमी म्हनले, एकही सुटनार नाई. मंग साहेब, माह्या अंगठ्याचं तुमी काय केलं?

मी त्यांना समजावलं की तुमचा अंगठा सर्व्हरच्या धोरणास संमती म्हणून वापरला गेला आहे. त्या हो म्हणाल्या आणि गेल्या. कप तिथेच राहिला.

कप संध्याकाळी मीच विसळला.

पण मूळ मुद्दा सोडायचा नाही. फसवणूक माझी झाली आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

आता दयामाया नाही. आजवर मी माणसं बघून नियम केले, तिथे चुकलो. कळलंय की वर्षाराणी जेवणाच्या सुट्टीत सर्व्हरच्या खोलीत जाते. ती म्हणते, तिथी कूलर हाये. मला विश्वास नाही. माझ्या माघारी सर्व्हरवर कोणी बसणार नाही, अशी पॉलिसी करणे.

दुपारी ३.१०. झालं! 'या मशीनवर बसून लॉगिन करण्यास मनाई' हा नियम सापडला. कोणाला मनाई, तिथे यादी येते. वर्षाराणी, लखन, एकेक नाव शोधत बसण्यापेक्षा सरळ 'एव्हरीवन' निवडलं. सगळे म्हणजे सगळे. नियम पक्का केला. सर्व्हर बंद करून परत सुरू केला, लागू झाला की नाही बघायला.

३.२५. लागू झाला.

३.४०. मी आत जाऊ शकत नाही. मशीन म्हणतं, परवानगी नाही. पासवर्ड बरोबर आहे, तरी नाही. एव्हरीवनमध्ये मीही येतो, हे मशीनने आधी सांगायला हवं होतं. बाकी सगळ्या बाबतीत 'आर यू शुअर' विचारतं.

४.०५. स्क्रीनवर मीच लिहिलेली सूचना दिसते आहे: 'अडचण आल्यास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा', आणि नंबर. घाईत लावला. बिझी लागला. पुन्हा लावला. दोनदा बिझी लागल्यावर लक्षात आलं, नंबर माझाच आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

अकोल्याच्या ट्रेनिंगच्या सरांना फोन. त्यांनी विचारलं, कोण हेमसिंग? मी म्हटलं, हेमसिंह. तेव्हा ओळखलं. म्हणाले, असं करायचं नसतं हे तिसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाटीच्या अक्षरांचा नमुना काढत होतो.

ऑफिसात कोणाला सांगायचं नाही. सर्व्हरच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं आणि कागद चिकटवला: 'आत काम सुरू आहे.'

१६ सप्टेंबर, मंगळवार

काम सुरू आहे. पाटी आणली. छान झाली आहे.

लखनचं मशीन कुलपात गेलं. आता अर्ध्या तासाने कुलूप आपोआप उघडतं म्हणून बरं. त्याने विचारलं, आत्ताच उघडून द्या ना भाऊ, ट्रॅक्टर उभे हायेत. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वर्षाराणीने जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली. हळू आवाजात म्हणाली, भाऊ, तुमी आत जाऊ शकत नाई ना?

मी म्हटलं, काय पुरावा? ती म्हणाली, नऊ दिवस झाले तुमी एक बी नवा नियम काढला नाई.

मग म्हणाली, त्या मशीनसमोर बसूनच मनाई हाये ना, दुसऱ्या मशीनवरून तं नाई. मी पाहू का? तिने आपल्या टेबलावरून काहीतरी उघडलं, माझा पासवर्ड टाकला, दहा मिनिटांत एव्हरीवन काढून टाकलं. मी विचारलं, माझा पासवर्ड तुला कसा माहीत? तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं. माझ्या फोटोखालचा नंबर. म्हणाली, सगळ्यायले माहीत हाये, भाऊ. लखनभाऊले बी. प्रयागबाईले तं पाठ हाये.

महिनाभर! सर्व्हरची किल्ली महिनाभर सगळ्यांच्या खिशात होती आणि एकानेही मला सांगितलं नाही. कोणी वापरलीही नाही, ते वेगळं. पण सांगायला नको? याला दगाबाजी नाही तर काय म्हणायचं?

वर्षाराणीने अध्यक्षांचे बैलही परत आणून दिले. मला विचारलं, तुमचा फोटो बाकीच्या मशीनवर राहू देऊ का? म्हटलं, राहू दे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

उकंडरावांनी विमा मनावर घेतल्याचं कानावर आलं. नवीन दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा माझ्या टेबलापाशी थांबला नाही. परवा यादी बंद. उद्या येईल मनधरणी करायला. आल्याबरोबर हो म्हणायचं नाही. पहिला चहा होऊ द्यायचा. दुसऱ्या चहाला बघू.

२४ सप्टेंबर, बुधवार

आला नाही. फाडलेल्या फॉर्मचे चार तुकडे खणात आहेत. चिकटवता येतील. पण त्याने म्हटलं पाहिजे.

२५ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळ

निता म्हणाली, नवीन म्हनत होता, भाऊजींले पुन्हा इचारलं तं अजून रागावतील, म्हनून नाई इचारलं. आदर करतो बिचारा.

२७ सप्टेंबर, शनिवार. आमसभा

पाटी पिशवीत घेऊन गेलो. चार खिळे आणि छोटी हातोडीही.

ठराव क्रमांक सात. उकंडराव उभे राहिले, म्हणाले, आता हेमसिंगनं आनलेला विषय. माझी मान ताठ झाली. ग्रुप पॉलिसी, म्हणाले. संस्थेच्या सर्व कर्मचाऱ्यांसाठी अपघात व दवाखाना विमा, मानधनवाले धरून. अशी पॉलिसी पाह्यजे हे आमच्या ध्यानात आलं ते हेमसिंगमुळं, त्यानं ऑगस्टातच सह्या जमा केल्या. टाळ्या. ४ ऑगस्टपेक्षा जास्त. मला शाल आणि नारळ.

मी माईक मागितला. सांगणार होतो की हे सगळं गैरसमजातून झालं आहे, मूळ योजना वेगळी होती. तेवढ्यात प्रयागबाई दिसल्या. मागे, पाण्याच्या कॅनपाशी, शेजारी मुलगी. संस्कृती वाशीमहून मुद्दाम आली होती. प्रयागबाई तिला बोटाने मला दाखवत होत्या.

माईकवर म्हणालो, धन्यवाद.

ठराव क्रमांक आठ. सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून वर्षाराणी. एकमताने. मीही हात वर केला. माझ्या बाजूला लखन बसला होता, त्याने माझा हात धरून वर केला असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. शेवटी अध्यक्ष म्हणाले, आन हेमसिंग आपला पॉलिसी इनचार्ज, कोनाले काही लागलं तं त्यालेच इचारा.

पिशवी उघडली नाही. येताना जड लागत होती.

२९ सप्टेंबर, सोमवार

नवी सोयाबीन यायला लागली. काट्यावर रांग आहे, पण पुढे सरकते आहे. वर्षाराणीने पासवर्ड आठ अक्षरी केला, कुलूप पंधरा मिनिटांचं. पेनड्राइव्ह फक्त काट्यावर चालतो. हे सगळं मीही करणारच होतो, दुसऱ्या टप्प्यात.

तिने मला माझं नवं लॉगिन दिलं. साधं, सगळ्यांसारखं. एक गोष्ट मान्य केली पाहिजे, चालतं.

दुपारी नोटीस बोर्डावर नवीनने यादी लावली. वर मोठ्या अक्षरात: 'ग्रुप पॉलिसी. सर्व कर्मचारी.' खाली एक ते आठ नावं, समोर वारसांची. पहिलं उकंडरावांचं, आठवं प्रयागबाईंचं. पुन्हा वाचली. कागद उलटून मागेही पाहिलं. संस्थेत आम्ही नऊ जण आहोत.

सर्व्हरवरच्या सगळ्यांत मी होतो. या सगळ्यांत मी नाही.

यादीच्या तळाला एक चौकट आहे. त्यात माझा स्टुडिओतला फोटो, तोच कोटातला. शेजारी: 'अडचण आल्यास संपर्क: हेमसिंग चव्हाण, पॉलिसी इनचार्ज', आणि माझा नंबर.

प्रयागबाई आल्या. म्हणाल्या, साहेब, मले वाचता येत नाई, माह्यं नाव बरोबर हाये का तेवढं पाहा. बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांचं, मग संस्कृतीचं. काना-मात्रा सगळं बरोबर होतं. त्यांनी विचारलं, आन तुमचं कुठी हाये? मी खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. फोटो पाहून त्यांचं समाधान झालं. म्हणाल्या, तुमचं सगळ्यायहून मोठं हाये.